गाडीमागचा छोटा ट्रेलर : वजन, तोल, चाकं आणि निगा

डोंगरवाट (धागाकर्ता)

एका एक्सलचा, दोन चाकांचा, उघडा छोटा ट्रेलर. माती, छाटलेल्या फांद्या, कपाटं, तंबू, सायकली, कयाक, काय वाट्टेल ते ओढणारा. ज्यांच्याकडे आहे त्यांनी अनुभव लिहा, जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी मोकळेपणाने विचारा. सुरुवात मी करतो.

ट्रेलरमुळे जागा वाढते हे उघडच आहे. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की चिखल, भुसा, पेट्रोलचा कॅन, ओला तंबू हे सगळं माणसं बसतात तिथून बाहेर जातं. शिवाय टपावर चढवायचं म्हणजे डोक्याच्या वर उचलणं आलं, हौदा मात्र मांडीच्या उंचीवर असतो. आणि टपाची मर्यादा बहुतेक गाड्यांना ५० ते १०० किलोच असते, त्यातच कॅरिअरचं वजनही धरायचं.

आता मुद्द्याचं. ट्रेलर बघायला गेल्यावर लोक आधी हौद्याची लांबी-रुंदी विचारतात. आधी वजन विचारा. रिकामा ट्रेलर किती किलोचा, भरून कमाल किती किलो चालतो, आणि तुमची गाडी किती ओढू शकते. पहिले दोन आकडे ट्रेलरवर ठोकलेल्या माहितीच्या पट्टीवर असतात, तिसरा गाडीच्या पुस्तिकेत. पुस्तिकेत ब्रेकवाल्या आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात, तेही नीट बघा. हिचवर, म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडायला बसवलेल्या सांध्यावर, मोठा आकडा छापलेला असला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. गाडी, हिच, बॉल (हिचवरचा धातूचा गोळा), कपलर (त्या गोळ्यावर बसणारं ट्रेलरचं तोंड), एक्सल, टायर या सगळ्यांत जो आकडा सर्वांत लहान, तीच तुमची मर्यादा. आणि पुस्तिकेत ट्रेलर ओढायला मनाई असेल तर त्या गाडीपुरता विषय संपला.

हौदा किती फसवा असतो बघा. २ मीटर लांब, १.२ मीटर रुंद, ४० सेंमी खोल, म्हणजे जवळजवळ १ घनमीटर. वाळलेल्या पाल्याने तो शिगोशीग भरला तरी ट्रेलरला जाणवत नाही. ओली वाळू मात्र घनमीटरला १,९०० किलोच्या आसपास भरते. माल वाहायची क्षमता ५०० किलो असेल तर ती वाळू तळाशी जेमतेम ११ सेंमी जाडीची पसरली की संपली. वरचा सगळा हौदा रिकामा दिसत असतो आणि लोडरवाला विचारत असतो, "अजून एक बकेट टाकू का?" नाही म्हणायचं.

दुसरी गोष्ट, बॉलवर येणारं वजन. एकूण भरलेल्या वजनाच्या साधारण १० टक्के वजन पुढे बॉलवर यावं, असा हिशेब मी धरतो. म्हणजे ट्रेलर २०० किलोचा आणि सामान ३०० किलोचं असेल तर बॉलवर ५० किलो. काही गाड्यांची त्या जागेची मर्यादाच ५० किंवा ७५ किलो असते, तेव्हा ती आधी बघा. मोजायला बाथरूममधला वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना ठोकळे, काट्यावर फळी, फळीवर उभा लाकडी ठोकळा आणि त्यावर कपलर. कपलर गाडीच्या बॉलच्याच उंचीला असला पाहिजे, नाहीतर आकडा चुकतो. सामान एक्सलच्या थोडं पुढे-मागे सरकवून बघा, काटा किती झटकन हलतो ते कळेल. हे करून पाहिल्यावर सामान कुठे ठेवायचं ते कुणाला विचारावं लागत नाही.

कोवळंऊन

धागा माझ्या निवडक दहात (जपून ठेवायच्या यादीत). मी घ्यायच्या विचारात आहे. वापर म्हणजे महिन्यातून एखाद वेळा बागेचा कचरा आणि सुट्टीत दोन सायकली, तंबू. यासाठी ट्रेलर विकत घेणं जास्तीचं होईल का? भाड्याने घेतला तर?

पाना_पक्कड

कोवळंऊन, भाड्याचा जरूर घेऊन बघा, मोठा आणि छोटा असे दोन्ही. पण वापर महिन्याचा असेल तर स्वतःचाच बरा. भाड्याच्या ट्रेलरचं बेअरिंग शेवटचं कधी उघडलं होतं, टायर कधीचे आहेत, हे आपल्याला कळत नाही. स्वतःच्या ट्रेलरचं सगळं ठाऊक असतं. खरा प्रश्न ठेवायच्या जागेचा आहे. जागा नसेल तर घडी घालून भिंतीला उभे करता येतात तेही मिळतात. त्यांच्या सांध्यांचे बोल्ट मात्र अधूनमधून आवळावे लागतात.

डोंगरवाट, उत्तम लिहिलंय. हेलकाव्यांबद्दल मी भर घालतो, कारण छोट्या ट्रेलरचे वाईट अपघात तिथेच होतात.

वजन एक्सलच्या मागे गेलं की ट्रेलरचं शेपूट डोलायला लागतं. ठरावीक वेगाखाली ते डोलणं आपोआप शमतं. त्या वेगाच्या वर गेलात की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी ट्रेलर गाडीची मागची चाकं ओढून नेतो. तो वेग कुठल्याही पट्टीवर लिहिलेला नसतो, कारण तो सामान कसं लादलंय त्यावर ठरतो. रिकामा ट्रेलर ताशी ९० किमीला सरळ धावत होता म्हणून भरलेलाही धावेल असं धरू नका.

यात एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा जनरेटर अगदी पुढच्या टोकाला ठेवला आणि पाण्याचे कॅन अगदी मागे. काट्यावर बॉलचं वजन बरोबर येईल. तरी हा ट्रेलर वाईटच चालणार, कारण दोन्ही टोकांना वजन असलं की एकदा वळायला लागलेला ट्रेलर थांबता थांबत नाही. तेच सामान एक्सलच्या जवळ, जरा पुढच्या बाजूला, खाली आणि एकत्र ठेवा. बॉलवर आकडा तोच, वागणूक पूर्ण वेगळी. जड ते मध्ये आणि तळाशी, हलकं ते टोकांना. झोपायच्या पिशव्या खुशाल मागे टाका.

हेलकावे सुरू झालेच तर ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू उचला, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, आणि गाडीचा वेग आपला आपण उतरू द्या. ट्रेलरच्या उलट दिशेला स्टिअरिंग फिरवत बसू नका, तुमची वेळ नेहमी अर्धा क्षण चुकते आणि हेलकावा वाढतो. जोरात ब्रेकही मारू नका. वेग वाढवून ट्रेलर 'सरळ ओढून घ्यायचा' हा सल्ला कुठे वाचला असेल तर विसरून जा. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आणि आत हाताचा कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावा, त्याने तो ताणला जाऊन सरळ येतो. मग थांबा आणि सामान परत लावा. थांबल्यावर 'आता ठीक आहे' म्हणून तसंच पुढे निघणारे मी पाहिलेत. कारण तिथेच हौद्यात पडलेलं असतं.

निळं_वल्हं

+१ पाना_पक्कड. मी कयाक नेते म्हणून माझा अनुभव. कयाक हलकी पण लांब असते. छोट्या ट्रेलरवर ती मागे खूप लोंबते, आणि पुढे सरकवली तर गाडीच्या मागच्या दाराला लागते. म्हणून लांब दांड्याचा (हौदा आणि कपलर यांच्यामधला दांडा) ट्रेलर बघितला. लांब दांड्याचा दुसरा फायदा रिव्हर्स घेताना होतो, ट्रेलर पटकन मुडपत (गाडीकडे आडवा दुमडत) नाही. मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल कापड बांधायचं, आणि किती लांब बाहेर चालतं त्याचा नियम आपापल्या ठिकाणी बघायचा.

पाण्यात ट्रेलर उतरवणाऱ्यांनी हे आवर्जून वाचा. गाडी चालवून आल्यावर हब (चाकाच्या मधला, बेअरिंग बसवलेला भाग) गरम असतो. तसाच थंड पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. ग्रीसमध्ये पाणी मिसळलं की त्याचा रंग बदलतो, दुधाळ, फिकट होतो. बोटावर घेतलं की लगेच कळतं. त्यामुळे काठावर पोचल्यावर आधी दोऱ्या सोडणं, वल्ही काढणं वगैरे कामं करा, हब हाताला गार लागला की मगच पाण्यात. दिव्यांचा प्लगही आधी काढून ठेवा.

मातकट

बागकामवाला आहे, तेव्हा हौद्याबद्दल लिहितो. शेणखत, रासायनिक खत आणि मीठ ही तिन्ही पत्र्याची वैरी. रंगवलेला हौदा असेल तर पहिल्या फावड्याच्या ओरखड्यापासून गंज सुरू होतो. गरम जस्तात बुडवून काढलेलं गॅल्व्हनाइझिंग खूप टिकतं, पण खत वाहिल्यावर धुवायलाच हवं, फटीफटीतून. हौद्याला निचऱ्याची भोकं आहेत का ते घेताना बघा. ट्रेलर उभा करताना दांडा जरा वर-खाली ठेवून उतार द्या, म्हणजे पाणी साचत नाही.

तळाला मरीन प्लाय असेल तर त्याच्या कडा आणि बोल्टच्या भोकांना आधी रंग पाजा. प्लाय मधोमध कधी कुजत नाही, कडेनेच कुजतो.

फाळका पुढचा आणि मागचा दोन्ही उघडणारा मिळाला तर घ्याच. लांब पाइप, शिडी, फळ्या आरपार ठेवता येतात. जाळीचा उंच रॅम्पवाला फाळका मात्र मला फारसा पटत नाही. गवत कापायचं यंत्र चढवायला छान, पण रस्त्यावर तो वारा अडवत राहतो आणि इंधन खातो. काढून ठेवता येणारा असेल तर गोष्ट वेगळी.

कोवळंऊन

किती माहिती! दोन प्रश्न. पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असलेला घ्यावा की रबरच्या टॉर्शन एक्सलचा, म्हणजे आतलं रबर पिळून धक्के झेलणाऱ्या एक्सलचा? आणि चाकं ८ इंची चालतील का? माझ्या बजेटमधल्या ट्रेलरला तीच आहेत.

पाना_पक्कड

पाटे की रबर यावर इथे दोन तट पडतील. मी पाट्यांच्या बाजूचा. पाटा तुटला तर कुठलाही गॅरेजवाला बदलून देतो, बुश बदलता येतात, काय झालंय ते डोळ्यांना दिसतं. रबर एक्सल आत काय अवस्थेत आहे ते बाहेरून कळत नाही, आणि रबर बसलं की पूर्ण एक्सल बदलावा लागतो.

चाकांबद्दल, ८ इंची रिमचा टायर बाहेरून साधारण ४१ सेंमी व्यासाचा, १३ इंचीचा साधारण ६१ सेंमी. ताशी ८० किमीला पहिला मिनिटाला १,०३०च्या आसपास फेरे मारतो, दुसरा ७०० पेक्षा कमी. म्हणजे तेवढ्याच प्रवासात छोट्या चाकाचं बेअरिंग दीडपट फिरतं आणि टायर जास्त तापतो. खड्ड्यातही छोटं चाक खोल जातं. घराच्या आसपास हळू वापर असेल तर ८ इंची चालतील. सायकली घेऊन महामार्गावर जायचं असेल तर १३ इंचीसाठी थांबा. जमलं तर गाडीच्याच मापाची चाकं आणि तेच बोल्टचं माप बसतंय का ते बघा, म्हणजे एकच स्टेपनी दोघांना.

डोंगरवाट (धागाकर्ता)

पाना_पक्कड, आदर ठेवून असहमत. रिकामा ट्रेलर पाट्यांवर उड्या मारतो, कारण पाटे भरलेल्या वजनासाठी बसवलेले असतात. रबर एक्सलवर तीच धाव शांत असते, दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात आणि हौदाही खाली बसतो. सायकली किंवा नाजूक सामान नेणाऱ्याने रबरच घ्यावा असं माझं मत आहे. माती-खडीवाल्यांनी पाटे घ्यावेत, तिथे तुमचं म्हणणं मान्य.

टायरबद्दल एवढंच जोडतो: ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उभे राहून म्हातारे होतात. नक्षी नव्यासारखी दिसते आणि बाजूच्या भिंतीला बारीक भेगा असतात. भिंतीवर चार अंकी शिक्का शोधा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की मी बदलतो, नक्षी कितीही दिसो. हवेचा दाबही ट्रेलरच्या टायरवर लिहिलेला बघून भरा, गाडीच्या चाकांचा आकडा इथे लावू नका. हवा कमी असली की टायर तापतो आणि हेलकावेही लवकर सुरू होतात. नवीन चाक बसवल्यावर ५० ते १०० किमीनंतर नट पुन्हा आवळून बघायचे.

रात्रवाट

बेअरिंगवर कुणीतरी नीट लिहा प्लीज. मला गॅरेजमध्ये "वाजत नाही ना, मग चालू द्या" सांगितलं.

पाना_पक्कड

वाजायला लागल्यावर उशीर झालेला असतो. वर्षातून एकदा, किंवा साधारण २०,००० किमीला, जे आधी येईल तेव्हा उघडायचं. पाण्यात उतरवत असाल तर त्याहून लवकर.

पद्धत अशी. जॅक लावून चाक वर घ्या, खाली भक्कम स्टँड द्या. चाक वरून-खालून धरून हलवा, खटखट खेळ जाणवतो का बघा. मग फिरवा आणि कान द्या. हब उघडल्यावर जुनं ग्रीस पूर्ण पुसून काढा, वरून नवं थापू नका. वेगवेगळ्या जातीची ग्रीसं एकमेकांत मिसळली की पातळ होऊन गळू शकतात. रोलर आणि त्यांची वाटी धुवून उजेडात धरा. निळसर डाग म्हणजे तापलंय, खड्डे म्हणजे संपलंय. बेअरिंग बदललं तर वाटीही बदलायची, जोडीनेच.

ग्रीस भरताना तळहातावर गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहा, दुसऱ्या बाजूने रोलरांच्या फटीतून ग्रीस बारीक शेवांसारखं बाहेर येईपर्यंत. सगळीकडून आलं की भरलं. सील नवं. नट चाक फिरवत आवळा म्हणजे बेअरिंग जागेवर बसतं, मग सैल सोडा आणि नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत आणा. पिनसाठी भोक जुळत नसेल तर नट मागे घ्या, पुढे नको. कारण या बेअरिंगला हलकासा खेळ लागतो, घट्ट आवळलं तर ते तापून जळतं. नट जागेवर धरणारी दुभंगी पिन दर वेळी नवी.

आणि रस्त्यात थांबाल तेव्हा हबजवळ उलटा हात न्या. कोमट असणं ठीक. दोन्ही बाजू सारख्या नसतील, एक कोमट आणि एक हात टेकवत नाही इतका गरम, तर पुढे जाऊ नका.

निळं_वल्हं

याची प्रिंट काढून गाडीत ठेवली. मी लांब जाताना ग्रीस भरलेलं, बेअरिंग बसवलेलं एक हब डब्यात घालून सोबत नेते. रस्त्याच्या कडेला वाट्या ठोकत बसण्यापेक्षा अख्खा हब बदलणं सोपं.

सावकाश_चला

जोडणीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. बॉलची मापं एकमेकांच्या इतकी जवळची आहेत की डोळ्यांना फरक कळत नाही. एक माप ५० मिमी, दुसरं २ इंच म्हणजे ५०.८ मिमी, तिसरं पावणेदोन इंचाहून थोडं मोठं, ४७.६ मिमी. ५० मिमीचा कपलर ४७.६च्या बॉलवर बसतो, कुलूपही लागल्यासारखं वाटतं, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उचकटतो. बॉलच्या डोक्यावर माप कोरलेलं असतं, कपलरवरही. दोन्ही वाचा.

जोडल्यावर माझी तपासणी एकच: पुढच्या जॅकने दांडा वर उचलायचा. गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला तर कपलर धरलाय. कपलर एकटाच वर आला तर धरलेला नाही.

साखळ्या दांड्याखालून एकमेकींवर फुली मारून लावा. कपलर सुटलाच तर दांडा त्या फुलीत अडकतो, रस्त्यात रुतत नाही. वळताना ताणल्या जाणार नाहीत इतक्या लांब, जमिनीला घासणार नाहीत इतक्या आखूड.

रात्रवाट

दादा, माझा एक विचित्र त्रास. डावा इंडिकेटर लावला की ट्रेलरचे टेललाइटही मंद लुकलुकतात. बल्ब बदलले, तरी तेच.

सावकाश_चला

अर्थिंग गेलंय. बल्बना दोष देऊ नका. बऱ्याच ट्रेलरमध्ये करंट परत जायचा रस्ता सांगाड्यातून आणि पार बॉलच्या धातूतून काढलेला असतो. तिथे गंज, रंग किंवा ग्रीस आलं की करंट दुसऱ्या दिव्याच्या तारेतून वाट काढतो, म्हणून भलताच दिवा लुकलुकतो. प्रत्येक दिव्यापासून अर्थची वेगळी तार प्लगपर्यंत ओढून घ्या. आधी खात्रीसाठी एक लांब तार दिव्याच्या अर्थपासून थेट गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवून बघा. लुकलुक थांबली तर निदान पक्कं.

कोवळंऊन

ताडपत्री आणि पट्ट्यांचं सांगा कुणी. आणि रिव्हर्स!

मातकट

सामान आवळून बांधायच्या रॅचेट पट्ट्यावर दोन आकडे असतात. मोठा आकडा तुटायचा, लहान वापरायचा, साधारण एक तृतीयांश. लहान वाचा. धारदार कडेवर पट्टा जात असेल तर मध्ये जुन्या होजपाइपचा तुकडा चिरून घाला. पट्टा वाऱ्यात फडफडत असेल तर बांधताना एक पीळ द्या, फडफड थांबते आणि पट्टा झिजत नाही. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळा, सामान तोवर बसलेलं असतं. पालापाचोळा किंवा भुसा असेल तर नुसती जाळी पुरत नाही, ताडपत्री हवीच. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत आपला कचरा जाता कामा नये.

डोंगरवाट (धागाकर्ता)

रिव्हर्सचं मी सांगतो. हात स्टिअरिंगच्या तळाशी, सहाच्या काट्यावर धरा. मग हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलरचं शेपूट जातं. ट्रेलर जितका आखूड, तितका लवकर मुडपतो, म्हणून छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा अवघड जातो. स्टिअरिंग अगदी थोडं, वेग पायी चालण्याहूनही कमी. कोन वाढला असं वाटलं की वळवत बसू नका, दोन मीटर पुढे घ्या, सगळं सरळ होतं. रिकामा हौदा मागच्या काचेतून दिसतच नाही, म्हणून त्याच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांना भगव्या पट्टीच्या उंच काठ्या लावल्यात. मोकळ्या मैदानात दोन ठोकळे ठेवून सराव करा. आणि अगदीच अडचणीची जागा असेल तर सपाट जमिनीवर कपलर सोडून हातानेच ढकला. उतारावर मात्र चाकांना ठोकळे लावल्याशिवाय कपलर सोडायचा नाही, हात कितीही भक्कम असले तरी.